दंडघेर

ब्लाउजचं माप देताना बायका श्वास रोखतात. तेवीस वर्षं बघतेय. टेप कमरेभोवती गेली रे गेली की पोट आत. मी म्हणते, "सोडा वहिनी, नाहीतर पंगतीला बसल्यावर हुक उडेल." त्या हसतात, थोडं सोडतात, आणि मी वहीत लिहिताना गुपचूप अर्धा इंच वाढवते. दंडाला टेप लावली की पुढचं वाक्य ठरलेलं: "बाही जरा लांब ठेवा हं, दंड झाकला पाहिजे." लग्न ठरलेली पोरगी हेच म्हणते आणि तिची आजीही. आपल्या दंडाबद्दल शिंप्याकडे माफी मागणाऱ्या इतक्या बायका मी पाहिल्यात की त्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

माझं स्वतःचं माप मी घेतच नसे. जुना ब्लाउज कापडावर टाकायचा, खडू फिरवायचा आणि कापायचा.

माझं दुकान सांगलीत, मारुती चौकाच्या बाजूला. सांगलीकरांना यापुढं काही सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते: कृष्णेला पूर आला की आम्ही एकमेकांना "कशी आहेस" असं विचारत नाही, "आयर्विनला किती झालं" असं विचारतो. आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांवर गेलं.

त्या दिवशी दुकानात मी आणि मदतीला येणारी पोरगी, दोघीच. हे मिरजेला कामावर. दुकानात दोन मशिनं, एक पिको-फॉलचं आणि एक जुकी, म्हणजे मोटरवर चालणारं पॉवर मशीन. कर्ज काढून घेतलेलं. त्याचं हेड टेबलातून मागं कलवून सुटं करता येतं, पण ते सगळं ओतीव लोखंड. वजन २८ किलोच्या आसपास. माळा डोक्याच्या वर हातभर. मी हेड धरलं, छातीपर्यंतसुद्धा आलं नाही. कमरेत सणक गेली आणि मी ते परत टेबलावर आपटलं. शेजारच्यांना हाका मारल्या, पण ज्याचा त्याचा माल ज्याच्या त्याच्या डोक्यावर. शेवटी गिऱ्हाइकांच्या कापडांची दोन गाठोडी उचलली, शटर ओढलं आणि निघालो.

पाणी उतरल्यावर शटर उघडलं तेव्हा मशीनच्या बॉबिनकेसमध्येसुद्धा गाळ होता. नुकसान सगळ्यांचंच झालं होतं, त्याचं रडगाणं नको. पण मला डाचत राहिला तो आकडा. २८ किलो. घर बुडायला ५७ फूट पाणी लागलं, आणि मला हरवायला २८ किलो पुरले.

२०२१ च्या जुलैत परत पूर आला. त्या वेळी मी दोन दिवस आधीपासूनच लोकांच्या विनवण्या करत होते. "आलो ताई, आलोच" ऐकून ऐकून शेवटी एका हमालाला पैसे देऊन नवं मशीन वर चढवून घेतलं. मशीन वाचलं. पण ते दोन दिवस मी ज्या आवाजात बोलत होते तो आवाज मला माझाच वाटला नाही.

मधल्या काळात कंबर धरलेलीच होती. दिवसाला आठ-नऊ तास मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईची कंबर धरणारच. एका दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे वर करून बघितला आणि सांगितलं, "वाकायचं नाही, दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही." मी विचारलं, "पाण्याची कळशी?" ते नुसते हसले. पुढचं वर्षभर मी गहू पाच-पाच किलो आणला, बादली अर्धी भरली, आणि दुखणं होतं तिथंच राहिलं. उलट आता जिना उतरतानाही भीती वाटायला लागली.

मग एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेले. त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायला सांगितलं. सातव्या वेळी मी मांडीवर हात टेकला. त्या म्हणाल्या, "तुमच्या मणक्यात भ्यायसारखं काही नाही. ताकद नाही. व्यायाम मी शिकवते, पण सहा महिन्यांनी तुम्ही मला वजन उचलताना दिसायला पाहिजे." मला वाटलं गंमत करतायत.

त्याच सुमाराला सांगलीत एक गोष्ट घडली. जून २०२२ मध्ये काजोल सरगरनं खेलो इंडिया युवा स्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ४० किलो वजनी गटात सुवर्ण घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात, ३० जुलैला, तिचा भाऊ संकेतनं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य. वडिलांची पानटपरी. गावात नुसता जल्लोष. दुकानात येणारी प्रत्येक बाई संकेतबद्दल बोलत होती. त्याचं सोनं एका किलोनं हुकलं, कोपर दुखावलेलं असतानाही तो पुन्हा उचलायला आला, वगैरे. माझ्या डोक्यात मात्र ती पोरगी बसली होती. वजनी गट ४० किलो! माझ्या भाचीएवढी असेल. ती स्वतःच्या वजनापेक्षा जास्त डोक्यावर धरते, आणि ६१ किलोची मी गव्हाच्या पोत्याला घाबरते.

नोव्हेंबरमध्ये जिमला नाव घातलं. लेडीज बॅच दुपारी दोन ते चार, दुकानात तेव्हा तसंही कुणी फिरकत नाही. शिकवायला चोवीस वर्षांची पोरगी, राज्य स्पर्धेपर्यंत वेटलिफ्टिंग केलेली. मी तिला मॅडम म्हणते, ती मला काकू. वयाचा हिशेब तिच्या बाजूनं बरोबर आहे, अधिकाराचा माझ्या.

पहिल्या दिवशी पंजाबी ड्रेस घालून गेले. ओढणीला गाठ, वर कुर्ता. मॅडम म्हणाल्या, "काकू, कुर्त्यात बार अडकेल आणि मला तुमचे गुडघे दिसत नाहीत." बार म्हणजे वजनाच्या थाळ्या लावायची लोखंडी दांडी. तयार ट्रॅक पँट आणली तर ती कमरेला बरोबर आणि मांडीला घट्ट, वाकलं की मागून खाली. बाजारातल्या या कपड्यांचं आसन कोण कापतं देव जाणे. शेवटी होजिअरीचं कापड आणून स्वतःच शिवली. आसन खोल, मागची उंची दोन इंच जास्त. महिन्याभरात बॅचमधल्या सहाजणींनी तसल्याच शिवून घेतल्या, म्हणजे जिमची फी मला एका अर्थी परत मिळाली.

पहिले तीन आठवडे वजन नाहीच. झाडूची काठी. ती पाठीवर उभी धरायची. डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली पाहिजे आणि तसंच कमरेतून पुढं झुकायचं. मला जमेना. मी एकतर पाठीचा कणा गोल करत होते किंवा नुसतेच गुडघे वाकवत होते. मग मॅडमनी विचारलं, "दोन्ही हातात पातेली असताना फ्रिजचं दार कसं लावता?" मी लावून दाखवलं. "बास. हेच!" तीस वर्षं स्वयंपाकघरात मी डेडलिफ्टची, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहायची, पहिली पायरी करत होते आणि मला पत्ता नव्हता.

दुसरी गोष्ट पोटाची. बार उचलण्याआधी खोल श्वास घ्यायचा आणि पोट चहूबाजूंनी बाहेर ढकलून घट्ट करायचं, म्हणजे मणक्याभोवती एक भरीव ड्रम तयार होतो आणि कणा जागच्या जागी राहतो. ऐकायला सोपं. पण माझं पोट आपोआप आतच जायचं. मॅडम कमरेवर दोन बोटं ठेवून ओरडायच्या, "बाहेर काकू, बाहेर! माझी बोटं ढकला!" आरशासमोर, दिवसाउजेडी, पाच बायकांच्या देखत पोट बाहेर काढायचं. खरं सांगते, पुढं साठ किलो उचलताना जेवढं जड गेलं नाही तेवढं हे गेलं. आपण पोट किती वर्षं आत धरून ठेवलंय ते ते सोडायला सांगितल्यावर कळतं.

आमच्या जिममध्ये बायकांचा १५ किलोचा बार नव्हता. तो जरा बारीक असतो, मुठीत नीट मावतो. होता तो पुरुषांचा २० किलोचा. छोट्या थाळ्या लावल्या तर बार जमिनीपासून फार खाली राहतो. मोठी थाळी ४५ सेंटिमीटर व्यासाची असते, तिच्यावर बार बरोबर नडगीच्या मध्यावर येतो. म्हणून मॅडमनी दोन्हीकडं खाली थाळ्यांच्या चवडी रचून उंची केली आणि बारला पाच-पाच किलो लावले. ३० किलो. घरचा भरलेला सिलिंडर साधारण तेवढाच, आत १४.२ किलो गॅस आणि वर टाकीचं वजन. सिलिंडर मी आजवर कडेवर फिरवत, लोळवत नेलेला होता. उचललेला नव्हता.

उचलला. काही विशेष वाटलं नाही. उचलून झाल्यावर मी विचारलं, "झालं?" मॅडम म्हणाल्या, "झालं. अजून चार वेळा."

ऑर्डरची वही असते माझी, मापांची. तिच्या मागच्या बाजूनं मी किलो लिहायला सुरुवात केली. पुढून लोकांचे इंच, मागून माझे किलो. डिसेंबर, ३५. जानेवारी, ४०, पाच वेळा. फेब्रुवारी, ४५. मी हरखून गेले, तर मॅडमनी लगेच पाय जमिनीवर आणले. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आकडा भराभर वाढतो तो स्नायू वाढल्यामुळं नाही. स्नायू होतेच, मेंदूनं त्यांना कधी एकदम कामाला बोलावलं नव्हतं. आता बोलावणं जायला लागलंय. स्नायू पुढं सावकाश येतात, त्यांना खायला घालावं लागतं. मग मटकीची उसळ वाढली, दुपारचं ताक जाऊन वाटीभर दही आलं, सकाळी दोन अंडी. सासूबाईंनी अंड्यांसाठी वेगळं पातेलं ठेवायला लावलं, ठेवलं.

शिवणकामाला एक अडचण आली ती मात्र कुणी सांगितली नव्हती. तळहाताला घट्टे पडले आणि ते जॉर्जेटमध्ये अडकायला लागले. एका गिऱ्हाइकाच्या सिल्कच्या पदराचा धागा माझ्या बोटाखालच्या घट्ट्यानं ओढला, ती समोर उभी असताना. तेव्हापासून आंघोळीला पायाची वज्री आधी हातावर फिरते. गंमत म्हणजे जिममध्येही खडू असतो, हात घसरू नये म्हणून लावायचा. माझ्या पिशवीत आता दोन प्रकारचे खडू असतात आणि एकदा मी घाईत जिमचा खडू घेऊन कापडावर रेघ मारायला गेले.

आता जे लिहितेय ते लिहू की नको असं चार वेळा झालं. ४७.५ किलोला, तिसऱ्या खेपेला, माझे कपडे किंचित ओले झाले. लघवी. दोन बाळंतपणं झालेली बाई, शिंकताना कधीमधी होतंच, पण इथं? मी बार ठेवला, पोट दुखतंय म्हणून घरी आले, आणि चार दिवस गेले नाही. पाचव्या दिवशी बॅचमधल्या एका बँकेतल्या बाईंचा फोन. त्यांनी काही विचारायच्या आत मी सांगून टाकलं. पलीकडं क्षणभर शांतता, आणि मग त्या म्हणाल्या, "अहो, मी तर पॅड लावूनच येते." फिजिओबाईंनी सांगितलं की ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेत, त्यांचे व्यायाम असतात, आणि वजन उचलताना श्वास कोंडून खाली जोर जातो तो बदलता येतो. वजन थोडं उतरवलं, श्वास सोडत उचलायला शिकले. दोन-अडीच महिन्यांत फरक पडला. हे आधी कुणी का सांगत नाही? बायकांच्या गप्पांत सासूपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळं निघतं, हे सोडून.

आणि मग मी आपटले. मे महिना, लग्नसराई, मॅडम सुट्टीवर. वहीत शेवटचा आकडा ५२.५. त्या दिवशी घरी कुणीतरी म्हणालं, या वयात कसली पहिलवानकी. मी तडक जिमला गेले आणि ६० लावले. बार गुडघ्यापर्यंत आला आणि पाठ गोल झाली. झाल्याचं कळलंही. सोडायला पाहिजे होता, सोडला नाही. नऊ दिवस अंथरुणात. तीन नवऱ्यामुलींचे ब्लाउज दुसऱ्या शिंपिणीकडं पाठवावे लागले. घरात प्रत्येकानं एकदा तरी "सांगितलं होतं" म्हणून घेतलं. ह्यांनी नाही म्हटलं, पण ते गरम पाण्याची पिशवी ज्या पद्धतीनं ठेवायचे त्यात ते वाक्य होतंच.

परत गेले तेव्हा मॅडमनी एकच प्रश्न विचारला, "वहीत ६० लिहिलं होतं का?" नव्हतं. "मग कशाला उचललं?" आणि बारला पाच-पाच किलो लावले. परत ३०. लोक आता मला विचारतात की जिमनं आत्मविश्वास कसा आला. त्या दिवशी माझ्याकडं आत्मविश्वास नावाचं काही नव्हतं, कंबर लटलट कापत होती. वही होती. तिच्यात लिहिलेलं होतं की नोव्हेंबरात ३० उचललेत, तेव्हा ते पुन्हा उचलता येतील.

त्या पावसाळ्यात दुपारी दुकानाची कामं साठली म्हणून काही दिवस संध्याकाळच्या बॅचला गेले. तिथं सगळी पोरं. माझे स्क्वॉटचे, म्हणजे बार खांद्यावर घेऊन उठाबशा काढायचे, तीन सेट झाले होते, मी स्टँडपाशी उभी राहून दम खात होते. एक दांडगा गडी आला आणि आपली थाळी बारला लावतच म्हणाला, "मावशी, झालं ना तुमचं?" उद्धट नव्हता. त्यानं गृहीत धरलं होतं, एवढंच. एरवी मी "हो हो, घ्या" म्हणत बाजूला झाले असते. बसमध्ये, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडं तशीच होत आले. मी म्हटलं, "अजून दोन राहिलेत." आवाज चिरका आला. तो म्हणाला, "बरं बरं," थाळी काढली आणि निघून गेला.

एवढंच झालं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण रात्री पोळ्या लाटताना मला तेच आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाला आठ महिने थकलेले १,८५० रुपये मागायला फोन केला. या दोन गोष्टींचा संबंध आहे की नाही ते मी सांगू शकत नाही. तिनं दिले मात्र.

मला चीड येते ती एका प्रश्नाची. दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारते, "किती कमी झालं?" वर्षभरात दोन किलो. ऐकून त्यांचा चेहरा पडतो. एवढी फी भरून दोन किलो! ७० किलो उचलते म्हटलं तर "अगंबाई, मग दंड पुरुषासारखे होतील." होत नाहीत. बायकांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन पुरुषांच्या मानानं अगदी थोडं असतं, तसले दंड करायला वर्षानुवर्षांची वेगळीच तपश्चर्या लागते. आता गिऱ्हाइकाला आकडाच हवा असेल तर माझ्याकडं टेप आहे. वर्षानं मी पहिल्यांदा माझं नीट माप घेतलं. जुन्या ब्लाउजच्या मापापेक्षा कंबर दोन इंचांनी कमी. दंडघेर साडेअकरा होता, तो सव्वाबारा. माझ्याच ब्लाउजच्या बाह्या मला काचत होत्या. आतलं मार्जिन उसवलं, दोन्हीकडून तीन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) सोडलं, पुन्हा टीप मारली. एवढ्या वर्षांत शेकडो ब्लाउज उसवून वाढवून दिले, बाईनं तोंड पाडलेलं नाही असा हा पहिलाच.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं. "आम्ही कृष्णेवरनं दोन-दोन हंडे आणायचो, आम्ही कुठं गेलो जिमला?" त्यांचं बरोबर आहे. पण त्या हंड्यांना कुणी हळूहळू वाढवलं नव्हतं, मधे सुट्टी दिली नव्हती, आणि वर दही-अंडी तर नाहीच. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांची पाठ कमानीसारखी झालीय. हल्ली त्या खुर्चीतून हात न टेकता उठबस करतात, जपमाळेवर मोजून. अकराला थांबतात. मी काही बोलत नाही, बोलले तर बंद करतील.

२०२४ चा जुलै संपत आला आणि आयर्विनचं पाणी पुन्हा चाळिशीकडं चालायला लागलं. चौकात तीच कुजबूज. रात्री साडेनऊला मी दुकान उघडलं, सोबत मदतनीस पोरगी. ह्यांना फोन केला नाही, मुद्दाम नव्हे, सुचलंच नाही. पट्टा सोडवला, हेड मागं कलवून सुटं केलं. टेबलाच्या कडेशी पाय रोवले, फ्रिजचं दार लावलं, पोट बाहेर, श्वास. हेड छातीशी आलं. बार गोल असतो, तो हातात बसतो. मशीनला कुठं धरायचं हा प्रश्नच असतो, एक कोपरा बरगडीत रुतत होता. तिथून स्टुलावर ठेवलं, स्टुलावरनं पुन्हा धरलं, पोरीनं खालून आधार दिला, आणि माळ्यावर ढकललं. तिनं घड्याळ बघितलं नाही, पण चार-पाच मिनिटांचं काम. मग पिको-फॉलचं. मग कापडं. शेवटी आम्ही दोघी रिकाम्या टेबलावर बसून बिस्किटं खाल्ली.

पाणी आमच्यापर्यंत आलंच नाही. दोन दिवसांनी उतरायला लागलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं न उघडलं तोच एक बाई साडी घेऊन दारात. साखरपुडा उद्यावर आलेला, ब्लाउज आजच पाहिजे. त्यांनी रिकाम्या टेबलाकडं बघितलं. "अगो, मशीन कुठाय?" मी वर बोट केलं. त्या म्हणाल्या, "कुणाला बोलावू का? ते समोरचे भाऊ आहेत."

खाली उतरवतानाही तेवढंच जपावं लागतं, जिममध्येही तसंच असतं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बसा. फक्त स्टूल घट्ट धरा."